हाक न ऐकणारा

आमच्या कुत्र्याला नाव होतं. मुलीने हौसेने ठेवलेलं, सासऱ्यांनी त्यांच्या जिभेला जमेल तसं सोपं केलेलं, आणि पहिले कितीतरी महिने आम्ही सगळ्यांनी घसा कोरडा होईपर्यंत ओरडलेलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याने ते कधीच ऐकलं नाही.

तेव्हा आम्ही दिल्लीत मयूर विहारमध्ये एका सोसायटीत तळमजल्यावर राहायचो. मेट्रो अजून आमच्याकडे यायची होती. मी आणि नवरा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. सकाळी एकच चार्टर्ड बस पकडून निघायचो आणि संध्याकाळी यमुनेच्या पुलावर रखडत घरी यायचो. मुलगी नववीत होती. सासरे मिनिस्ट्रीतून रिटायर झालेले. त्यांची सगळी हयात सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनी एक 'अच्छा' किंवा 'बिल्कुल' यायचं आणि पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसायचे.

कुत्रा नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका साहेबांनी दिला. त्यांच्याकडे डालमेशियनची पिल्लं झाली होती. आम्ही बघायला गेलो तर आमच्या बोलण्याचा आवाज ऐकून सगळी पिल्लं टोपलीतून उड्या मारत बाहेर आली. एक तेवढं कोपऱ्यात झोपून राहिलं. साहेब म्हणाले, "यह सबसे शांत है. आपके फ्लैट के लिए बिल्कुल ठीक." मुलीने त्याला उचललं तेव्हा ते जागं झालं आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागलं. त्याचा एक डोळा तपकिरी होता आणि दुसरा निळा. मुलगी तिथेच हरली. मीसुद्धा.

शांतपणा आठवडाभरही टिकला नाही. खोलीत एकटा राहिला की तो भुंकायचा, आणि ते भुंकणंही विचित्र, चिरकं, कुठेच न थांबणारं. वरच्या मजल्यावरून तक्रारी यायच्या. सोफ्याचा एक हात त्याने पार कुरतडून टाकला. पण सगळ्यात राग यायचा तो त्याच्या दुर्लक्षाचा. "ये" म्हटलं की येत नसे, "नको" म्हटलं की थांबत नसे. बागेत पट्टा सोडला की पाठ फिरवून असा निघून जायचा जणू आम्ही त्याचे कोणीच नाही. आणि घरात मात्र उलट. मी पोळ्या लाटायला उभी राहिले की माझ्या पावलावर बूड टेकून बसणार. नवरा पेपर वाचत असला की त्याच्या पोटरीला पाठ लावून झोपणार. आपण जरा हललो की दचकून उठणार आणि मागे मागे येणार. सारखा पायात. मी दोनदा त्याला अडखळून पडले.

कोणीतरी एक ट्रेनर सुचवला. तगडा माणूस, गळ्यात शिट्टी, आवाज असा की गेटवरचा चौकीदार वळून बघायचा. महिनाभर आला आणि मग म्हणाला, "बहुत ज़िद्दी है, मैडम. समझता सब है, करता नहीं." आम्हा सगळ्यांना हे पटलं, कारण आम्हालाही तसंच वाटत होतं.

मग जानेवारीतल्या एका दुपारी सासरे मागच्या व्हरांड्यात उन्हाला बसले होते. कुत्रा शेजारी झोपला होता. त्यांनी वाकून मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो एकदम उसळून त्यांच्या हाताला चावला. मनगटाच्या वर टाके पडले, मग इंजेक्शनं आली. संध्याकाळी मी हाताला पट्टी बांधलेले सासरे पाहिले आणि माझ्यापुरता विषय संपला.

"झोपेत होता तो," सासरे म्हणत होते. "घाबरला असेल. मला एवढं काही झालेलं नाही."

"बाबा, उद्या तोंडाला चावला तर?" मी म्हणाले. "आम्ही दिवसभर घरात नसतो. तुम्ही एकटे असता."

नवऱ्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं हरियाणात, सोहनाच्या पुढे शेत होतं. त्यांना राखणीला कुत्रा हवाच होता. मोकळी जागा आहे, खुशाल भुंकू दे, असं ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्याला पोचवायचं ठरलं. मुलीने माझ्याशी बोलणं बंद केलं. ती शाळेतून आली की त्याला घेऊन मागच्या व्हरांड्यात बसायची आणि दार लावून घ्यायची.

त्या रविवारच्या आधीच वरच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न आलं. नवरदेव घोडीवर चढणार होता ते आमच्या खिडकीसमोरच. संध्याकाळी बँडवाले आले, ढोलवाले आले. दिल्लीतल्या वरातीचा आवाज ज्याने कानाशी ऐकला आहे त्यालाच कळेल. आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. गल्लीतले कुत्रे केव्हाच पसार झाले होते. समोरच्या ब्लॉकमधला पॉमेरेनियन पलंगाखाली शिरून किंचाळत होता, हे त्याची मालकीणबाई सगळ्यांना सांगत होत्या. आम्ही नटूनथटून बाहेर उभे होतो. थंडी वाजायला लागली म्हणून मी शाल आणायला आत गेले.

बैठकीच्या खोलीत, अगदी खिडकीखाली, कुत्रा झोपला होता. उताणा. चारी पाय वर, पोट उघडं. बाहेर ट्रम्पेट फुटेल की काय असं वाजत होतं आणि याचं पोट संथपणे वरखाली होत होतं.

मी शाल विसरले. तशीच उभी राहिले. मग त्याचं नाव घेतलं, आधी हळू, मग ओरडून. टाळ्या वाजवल्या. काही नाही. इतक्यात ढोलवाले बधाईचे पैसे मागायला जिन्यात शिरले आणि आमच्या दाराबाहेरच ठोकायला लागले. फरशी पायाखाली हलल्यासारखी झाली. तेव्हा त्याने डोळे उघडले. वळला, हनुवटी फरशीला सपाट टेकवली आणि तसाच पडून राहिला. दाराकडे बघेना, खिडकीकडे बघेना. जमिनीतून काहीतरी येत होतं आणि तो ते हनुवटीने घेत होता. नंतर उठून त्याने फरशी हुंगली, मग मी दिसले, आणि त्याची शेपटी हलली.

मी स्वयंपाकघरातून परात आणि पळी आणली. तो भिंतीवरच्या पालीकडे बघत होता. मी त्याच्या मागे उभी राहून परातीवर पळी मारली. त्याचा कान हलला नाही. परत मारली. पालसुद्धा पळून गेली.

नवरा मला शोधत आत आला. "अगं, काय करतेस? सगळे बाहेर थांबलेत."

"अहो, बघा," मी म्हणाले आणि पुन्हा मारली.

माझ्या हातातून पळी घेऊन त्यानेही एकदा मारली. आम्ही दोघं लग्नाच्या कपड्यांत, परात धरून, कुत्र्याच्या पाठीकडे बघत उभे होतो.

त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी जे वाटलं ते वेगळं होतं. हा प्राणी इतके महिने आमच्या घरात पूर्ण शांततेत राहत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. कुकरची शिट्टी, फोन, बेल, आमची भांडणं, त्याचं स्वतःचं भुंकणं, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तरीही आमची बस यायच्या वेळी तो दाराशी उभा असायचा. कोणाला बरं नाही हे त्याला कळायचं. मुलगी चिडून घरी आली की आम्हाला कळायच्या आधी तो तिच्याजवळ जायचा. हे सगळं त्याने कशावरून जुळवलं होतं? उजेडावरून, वासावरून, आमच्या चेहऱ्यांवरून, सासरे चहा टाकायला केव्हा उठतात त्यावरून. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी मदत केली नव्हती. आणि तो सारखा आमच्या पायाला टेकून का झोपायचा, तेही मला तेव्हाच कळलं. आपण उठून गेलो तर त्याला ऐकू येणार नव्हतं. म्हणून झोपतानाही तो आमचा एक धागा अंगाशी धरून ठेवायचा.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जन्मापासून दोन्ही कान बहिरे आहेत. या जातीत असं होतं, कधी कधी निळा डोळाही त्याच्यासोबत येतो. मी ट्रेनरचं बोलणं सांगितलं. त्यावर डॉक्टर म्हणाले, "इसने आपकी बात कभी टाली नहीं. इस तक पहुँची ही नहीं."

घरी येऊन नवऱ्याने सोहनाच्या गृहस्थांना फोन लावला. कुत्रा बहिरा आहे हे सांगायलाच हवं होतं. पलीकडून काय बोलणं झालं ते त्याने रिसीव्हरवर हात ठेवून आम्हाला सांगितलं. "म्हणतायत, हरकत नाही. गेटशी बांधून ठेवू. दिसेल त्याच्यावर भुंकेल. काय सांगू?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. सासरे माझ्याकडे बघत होते. कुत्रा तर नेहमीच बघत असायचा. मी रिसीव्हर घेतला आणि गडबडीत मराठीतच म्हणाले, "नाही पाठवायचा."

"जी?" पलीकडून आवाज आला.

"नहीं भेजना है. माफ़ कीजिए. हमारा है, हम रखेंगे."

ठेवणं म्हणजे काय, ते पुढे कळलं. पहिला प्रश्न होता त्याला उठवायचं कसं. डॉक्टर म्हणाले होते, अंगाला हात लावू नका, आधी वास पोचू द्या. हे करून बघायला सासरे तयार झाले. मी म्हणाले, तुम्ही नको, आम्ही करतो. ते म्हणाले, "मलाच चावलाय ना तो? मग मलाच करू दे." गुडघे दुखत असतानाही ते फरशीवर बसले. टाक्यांचे वण अजून लाल होते. तोच हात त्यांनी त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरला आणि थांबले.

आम्ही तिघं दारात उभे होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या नाकपुड्या किंचित हलल्या. नंतर, डोळे मिटलेलेच असताना, शेपटीचं टोक फरशीवर एकदा आपटलं. मग परत. शरीर झोपेत आणि शेपटी जागी. झोपेच्या तळाशी कुठेतरी त्याला कळलं होतं की हे आजोबा आहेत. मग डोळे उघडले, त्याने मान लांब केली आणि हनुवटी त्यांच्या तळहातावर ठेवली. सासऱ्यांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"देखो," ते एवढंच म्हणाले.

नंतर खुणा आल्या. आम्ही कुठलं पुस्तक आणलं नाही. मुलगी आणि तिचे आजोबा दुपारी बसून खुणा ठरवायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली की जेवण. तळहात पालथा करून खाली दाबला की बस. दोन बोटं हवेत चालवली की फिरायला जायचं. दोन्ही हात छातीशी धरले की शाबास. सुरुवातीला आम्ही चुकायचो. नवरा एकाच वेळी खूणही करायचा आणि ओरडायचाही, आणि मुलगी त्याला म्हणायची, "बाबा, तुम्ही कोणासाठी बोलताय?" कुत्रा मात्र आम्ही हात उचलायच्या आतच आमच्याकडे बघत असे. आम्ही महिनोन्‌महिने त्याच्या पाठीशी बोललो होतो. आता त्याच्या समोर येऊन बोललो, तर तो केव्हापासूनच वाट पाहत होता.

एके दिवशी मुलीच्या डोक्यात आलं की माणसांनाही खुणा हव्यात. आजोबांसाठी मिशीला पीळ. बाबांसाठी चष्म्यासारखं डोळ्याभोवती बोटाचं कडं. तिच्या स्वतःसाठी वेणीला हिसका. माझ्यासाठी कपाळावर टिकली लावल्यासारखं बोट. मला हे अति वाटलं. कुत्र्याला 'बस' कळतं, 'ये' कळतं, पण माणसाचं नाव कसं कळणार? रोज ती त्याला खूण करून दाखवायची, मग त्या माणसाकडे न्यायची. हा खेळ बरेच आठवडे चालला होता आणि मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. पाठीमागे नखांचा आवाज आला. तो आत आला, मला वळसा घालून समोर आला, बसला आणि माझ्या कपाळाकडे बघायला लागला. डोळ्यांकडे नाही, हातातल्या भाजीकडेही नाही. कपाळाकडे.

बैठकीतून मुलगी ओरडली, "आई, आला का गं तुझ्याकडे? मी त्याला फक्त टिकली दाखवली."

गवारीच्या शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. त्याच्या दुनियेत आवाज नव्हता, आणि तरी तिथे मी एक शब्द होते. कोणीतरी दुसऱ्या खोलीत तो शब्द उच्चारला होता आणि तो मला शोधत आला होता. आजवर मला किती जणांनी किती नावांनी हाक मारली असेल. अशी हाक त्याआधी कधी आली नव्हती.

सगळंच सोपं झालं असं नाही. चपला तो शेवटपर्यंत खात राहिला. एकदा पट्ट्याचा आकडा तुटला आणि तो थेट मोठ्या रस्त्याच्या दिशेने धावला. त्याला हाक मारून काही उपयोग नव्हता, त्यामुळे नवरा ऑफिसच्या बुटांत त्याच्यापुढे जाण्यासाठी पळाला आणि आठवडाभर लंगडत होता. एकदा सासरे महिनाभर पुण्याला गेले, तेव्हा तो त्यांच्या खुर्चीजवळ उभा राहून आमच्याकडे बघायचा, परत खुर्चीकडे, परत आमच्याकडे. प्रश्न स्पष्ट होता. आमच्याकडे 'येतील' याची खूण नव्हती. मुलीने खूप विचार केला, पण उद्या किंवा पुढच्या आठवड्यात हे हाताने कसं दाखवायचं ते तिला सुचेना. शेवटी ती त्याच्याशेजारी खुर्चीजवळ बसून राहिली.

घरात एक बदल झाला तो आमच्या लक्षात बऱ्याच उशिरा आला. आधी आम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलायचो. स्वयंपाकघरातून "डबा घेतलास का?", बाथरूममधून "टॉवेल द्या." आता कोणाला काही सांगायचं असलं की आम्ही उठून त्या माणसासमोर जायला लागलो होतो. सवयच लागली. आणि समोर गेलं की चेहरा दिसतो. मुलीची दहावी होती. ती परीक्षेला घाबरली आहे हे मला तिच्या बोलण्यावरून कधीच कळलं नसतं.

तो आमच्याकडे म्हातारा झाला. ठिपके फिकट झाले, निळा डोळा धुरकट झाला, आणि एका हिवाळ्यात सासऱ्यांच्या पलंगाशेजारी झोपेतच गेला. सासरे त्याच्यानंतर काही वर्षं होते. त्यांच्याशी त्याच्याबद्दल बोलायला लागलं की ते एका संध्याकाळचा विषय हमखास काढायचे. माझ्याही डोळ्यांसमोर तीच आहे.

मे महिना होता. दुपारपासून आभाळ पिवळं झालं होतं आणि संध्याकाळी आंधी आली. दिल्लीची आंधी येते तेव्हा धुळीची भिंत चालत आल्यासारखी येते. आम्ही धावत खिडक्या लावल्या. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच बंद पडला होता. अंधार असा झाला की स्वतःचा हात दिसेना. आम्ही चौघं बैठकीत जिथे होतो तिथेच बसलो आणि एकमेकांशी बोलायला लागलो, माणसं अंधारात बोलतात तशी, कोणी कुठे आहे ते कळावं म्हणून.

मग मुलगी म्हणाली, "त्याला आता काहीच नाही."

खरंच होतं. ऐकू त्याला येतच नव्हतं, आणि आता आमचे हातही गेले होते, चेहरेही. धुळीच्या वासात आमचे वाससुद्धा बुडाले असतील. त्याच्यापुरतं आमचं सगळं घर विझलं होतं. त्याला हाक कशी मारायची हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

फरशीवर नखं वाजली. ओलं नाक माझ्या गुडघ्याला लागलं, जरा थांबलं, आणि गेलं. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "इथे आला." मग मुलगी हळूच म्हणाली, "माझ्याकडे." सगळ्यात शेवटी सासरे म्हणाले, "अच्छा, आता मी." त्याने परत एक फेरी मारली, तसंच, प्रत्येकाच्या गुडघ्याला नाक लावत.

"मोजतोय आपल्याला," सासरे म्हणाले. "सगळे आहेत ना बघतोय."

आम्ही सगळे सरकत सरकत खाली फरशीवर आलो, जवळ जवळ. तो आमच्या मध्ये आडवा झाला. पाठ नवऱ्याच्या पायाला, डोकं मुलीच्या मांडीवर, एक पंजा माझ्या पावलावर, आणि शेपटी सासऱ्यांच्या हाताखाली. एक लांब श्वास सोडला आणि झोपला. बाहेर पत्रे उडत होते, कुठेतरी काच फुटली. तो झोपला होता. घाबरायचं त्याला कारण राहिलं नव्हतं. कोणालाही तहान लागली तरी कोणी उठलं नाही, मेणबत्ती शोधायलाही नाही, कारण जो उठेल त्याच्या जागी कुत्र्याला भोक पडल्यासारखं झालं असतं. मी काळोखात माझ्या पावलावरचं त्याचं वजन जाणवत बसले होते आणि मला वाटत होतं, एवढा विश्वास कुठून येतो, आणि आम्ही तो शेताच्या गेटशी बांधायला निघालो होतो.

लाइट आली तेव्हा पंखा आधी कुरकुरला, मग फिरला. आम्ही सगळे धुळीने पांढरे झालो होतो. तो उठला, अंग झाडलं, दोनदा शिंकला, आणि भांड्यात काही आहे का ते बघायला गेला.

"चला," सासरे म्हणाले, "चहा टाका कोणीतरी."